पाच बॉडची हाक

आमची गाडी 2004 सालची. महिनाभर तिचा चेक इंजिनचा दिवा पेटलेला आणि पेट्रोल तर ती लग्नात सरबत प्यावं तशी पीत होती. तळमजल्यावरचे काका रोज अडवून सांगायचे, "अहो, पार्किंगमध्ये उंदीर झालेत. पिंजरा लावा." मी म्हणायचो, "काका, हे इलेक्ट्रॉनिक प्रकरण आहे."

गाडीचा कॉम्प्युटर लॅपटॉपला जोडून बिघाड वाचणारा तयार अ‍ॅडाप्टर बाजारात मिळतो. पण मग डिप्लोमा कशाला केला? ठाण्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड, असं करून लॅमिंग्टन रोडवरून L9637D नावाची चिप आणली. गाडीची के-लाइन, म्हणजे तिचा कॉम्प्युटर जिच्यावरून बोलतो ती वायर, 12 व्होल्टची, लॅपटॉपची केबल 5 व्होल्टची. मधे हा दुभाषा हवाच. तुरीच्या दाण्याएवढी ती चिप पहिल्याच दिवशी पोह्यांत पडली. आईने कुजका शेंगदाणा म्हणून बाजूला काढली, म्हणून वाचली.

रविवारी स्टीअरिंगखाली पाठीवर झोपून, पाय दाराबाहेर काढून तिथल्या तपासणीच्या प्लगला जोडणी केली. 16 नंबरच्या पिनला बॅटरी, 7 ला के-लाइन, 4 आणि 5 ला ग्राउंड. सर्किट ढिम्म. तासाभराने लक्षात आलं की प्लगच्या पिना मी आरशात बघितल्यासारख्या उलट्या मोजल्या होत्या. 16 च्या जागी 9, 7 च्या जागी 2. ग्राउंड तेवढं बरोबर लागलं होतं, कारण 4 आणि 5 ची अदलाबदल झाली तरी ग्राउंड ते ग्राउंडच.

पिना सुधारल्या, तरी उत्तर नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर जुन्या वळणाचा. त्याला आधी 5 बॉडने हाक मारावी लागते, म्हणजे सेकंदाला पाच बिट. एक बाइट, म्हणजे आठ बिट आणि आगेमागे एकेक, पोचायला दोन सेकंद! एकदा जागा झाला की मात्र 10400 बॉडने बोलतो. शिवाय त्याने सांगितलेला शेवटचा बाइट आपण उलटा करून, म्हणजे 0 चा 1 आणि 1 चा 0 करून, परत म्हणायचा, तेव्हा कुठे ओळख पटते. आमच्या आजोबांना दुपारच्या झोपेतून उठवण्याचा विधी याहून सोपा होता.

तेवढ्यात काका वाकून म्हणाले, "किल्ली फिरवली आहे का?"

नव्हती.

किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे लागले आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली: P0118. त्याच्याखाली कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान, उणे 40 अंश सेल्सिअस. मे महिना, भर दुपार, माझा बनियन पिळून निघालेला, आणि या बाईसाहेब सायबेरियात! थंडीच्या समजुतीने पेट्रोल पितच सुटल्या होत्या.

P0118 म्हणजे कूलंट सेन्सरकडून येणारा व्होल्टेज फार जास्त. बहुतेक वेळा वायरच तुटलेली असते. बॉनेट उघडलं. सेन्सरची वायर मधोमध कुरतडलेली, बाजूला काळ्या लेंड्या.

काका काही बोलले नाहीत. घरात गेले आणि पिंजरा घेऊन आले. सोबत कांदाभजीचा तुकडाही होता, कागदात गुंडाळलेला.