हिमेजीचं जातं, रायगडची हिरकणी आणि पुराव्याचा आग्रह

मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून रायगडावरचं वाघ्याचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेतली अशी आख्यायिका असलेल्या कुत्र्याचं, स्मारक ३१ मेपूर्वी हटवण्याची मागणी केली. शिवकालीन कागदांत या कुत्र्याचा उल्लेख नाही आणि स्मारकही १९३६ चं, हा त्यांचा मुद्दा. समोरून होळकरांच्या देणगीचा आणि लोकभावनेचा दाखला आला. पुढे जुलैमध्ये रायगडासह १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, पण वाद आहे तिथेच आहे. जपानात राहणाऱ्या मराठी माणसाला यावर बोलताना हिमेजी आठवल्याशिवाय राहत नाही, कारण तिथल्या किल्ल्यात अशा वाघ्यांची रांगच लागलेली आहे.

ओसाकाच्या पश्चिमेला असलेलं हिमेजी शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अर्ध्या-पाऊण तासावर. स्टेशनच्या उत्तरेच्या दारातून बाहेर पडलं की समोर सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला पांढराशुभ्र किल्ला, चालत पंधरा-वीस मिनिटं. आजचा मुख्य मनोरा इथला सरदार इकेदा तेरुमासाने १६०९ मध्ये पुरा केला. बाहेरून पाच छपरं दिसतात, आत मात्र सहा मजले आणि एक तळघर. चपला दारातच पिशवीत घालून हातात घ्याव्या लागतात आणि जिने इतके उभे की गुडघे कुरकुरणाऱ्यांनी तिसऱ्या मजल्यावरूनच परतलेलं बरं.

आता दंतकथा. धाकट्या वायव्य मनोऱ्याच्या खालच्या भिंतीत एक दगड लोखंडी जाळीमागे ठेवलाय. १५८० च्या सुमारास तोयोतोमी हिदेयोशी हा सेनानी इथे किल्ला बांधत होता, दगड कमी पडले, तेव्हा मोची (तांदळाचे चिकट गोळे) भाजून विकणाऱ्या एका गरीब म्हातारीने आपलं जातं देऊन टाकलं. ते ऐकून लोकांनी दगडांचा ढीग लावला, अशी गोष्ट. अडचण एवढीच की ज्या मनोऱ्याखाली हा दगड दाखवतात तो इकेदाच्या काळातला, म्हणजे १६०० नंतरचा. ओकिकूच्या विहिरीचंही तेच. दहा ताटल्यांतली एक हरवल्याचा आळ घेऊन या दासीला छळून मारलं आणि विहिरीत टाकलं. रात्री ती एक ते नऊ मोजते आणि हंबरडा फोडते. कथा घडते सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि आजचा किल्ला त्याहून जवळजवळ शंभर वर्षांनी धाकटा. तरी विहीर आहे, तिच्यावर जाळी आहे, शहरात ओकिकूचं छोटं देऊळही आहे. कुणी ती बुजवा म्हणत नाही.

सगळ्यात उद्बोधक गोष्ट साकुराई गेन्बेई या सुताराची. मनोरा बांधून झाल्यावर त्याने बायकोला हौसेने वर नेलं. ती म्हणाली, सुंदर आहे, पण जरा कललाय. बाईमाणसाला दिसतं ते आपल्याला दिसलं नाही म्हणून तो तोंडात पटाशी धरून वरून खाली उडी मारून मेला. यातल्या आत्महत्येला आधार नाही. पण १९५६ ते १९६४ या काळात मनोरा अक्षरशः सुटा करून पुन्हा बांधला, तेव्हा कळलं की तो खरोखरच आग्नेयेला कलला होता. पाच-सहा हजार टनांचं ओझं पायाच्या दगडांवर होतं आणि दगड सगळीकडे सारखे खचले नव्हते. म्हणून ते काढून खाली काँक्रीटचा पाया घातला. तळापासून वरपर्यंत गेलेल्या दोन प्रचंड खांबांपैकी पश्चिमेचा खांब बदलावा लागला. त्यासाठी मध्य जपानातल्या किसोच्या जंगलातून आणलेलं झाड वाटेत मोडलं, म्हणून नवा खांब दोन लाकडं तिसऱ्या मजल्यावर सांधून केलाय. हे लपवलेलं नाही. जुन्या पायाचे दगड त्यांच्या मूळ मांडणीत किल्ल्याच्या आवारात मांडून ठेवलेत, कुणीही पाहावेत.

२००९ ते २०१५ च्या दुरुस्तीतही तेच. कौलांच्या सांध्यांवरचा गिलावा चुना, तागाचे धागे आणि समुद्री शेवाळाचा डिंक मिसळून केलेला असतो. दमट हवेत त्यावर बुरशी धरते आणि तो काळा पडतो. नव्याने दिल्यावर किल्ला इतका पांढरा झाला की लोकच कुरकुरले, हा आमचा किल्लाच नाही म्हणाले. दोन-चार पावसाळ्यांनी तक्रार आपोआप मिटली. काम चालू असताना मनोऱ्याभोवती तात्पुरती इमारत उभारली होती आणि प्रेक्षकांना लिफ्टने वर नेऊन कौलं बदलताना दाखवत होते. आपल्याकडे गडाच्या डागडुजीत सिमेंट वापरलं की नाही हे कळायला माहितीचा अधिकार वापरावा लागतो आणि सिमेंट आत ओल कोंडून दगडाचेच कपचे काढतं हे पाच पावसाळे गेल्यावर उमगतं.

जपान म्हणजे सगळं सोवळं, असं मात्र नाही. ओसाकाचा किल्ला १९३१ मधलं काँक्रीट आहे, आत लिफ्टही आहे. हिमेजीनेही मार्च २०२६ पासून शहराबाहेरच्या प्रौढांना तिकीट २,५०० येन केलंय, शहरवासीयांना १,०००च. त्यावर इथेही बरीच तोंडं वाजली.

वाघ्याच्या वादात मला खटकते ती पुराव्याची निवडक शिस्त. हिरकणीचाही समकालीन कागद कुणी दाखवलेला नाही. संध्याकाळी दरवाजे बंद झाले, तान्ह्या लेकरासाठी गवळण कडा उतरली, महाराजांनी तिथे बुरूज बांधला: तिची गोष्ट पाठ्यपुस्तकांतून घराघरांत गेली आणि बुरुजाला हात लावायचं कुणाच्या मनात येत नाही. कागद हाच निकष असेल तर तो दोघांनाही लावा. नसेल तर मग प्रश्न उरतो तो फलकाचा. वाघ्याच्या चौथऱ्यापाशी चार ओळी पुरतील: स्मारक कधीचं, कुणाच्या पैशातून, शिवकालीन साधनं याबद्दल काय म्हणतात किंवा म्हणत नाहीत, आणि कथा लोकांत कशी पसरली. हिरकणी बुरुजावरही तसाच. मजकूर पुरातत्त्व खात्याने लिहावा, पक्षांनी नव्हे. फलक लागण्याआधीच त्यावर मोर्चा निघेल हे खरं, पण पुतळा हलवला तरी मोर्चा निघणारच आहे आणि तेव्हा हातात मजकूरही नसेल.