नेहरू रोडवरचं हॉटेल आणि पायी पार्ले

आईच्या अमेरिकेच्या व्हिसासाठी मागच्या आठवड्यात मुंबईला तीन रात्री राहून आलो. एक दिवस बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, मुलाखत. आम्ही वर्ध्याचे, त्यामुळे नागपूरहून विमान. आई चौऱ्याहत्तरची, गुडघे दुखरे. विमानतळही जवळ आणि बीकेसीही जवळ म्हणून विलेपार्ले पूर्वेला, नेहरू रोडला लागून असलेलं एक हॉटेल घेतलं.

खोली स्वच्छ होती, गरम पाणी वेळेवर यायचं. पण खिडकी उघडायची सोय नव्हती आणि काचेपलीकडे शेजारच्या इमारतीच्या एसींची रांग. नाश्ता आठनंतर. काउंटरवर प्रेक्षणीय स्थळांचा लॅमिनेट केलेला कागद होता. गेटवे, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू, आणि प्रत्येकापुढे गाडीचं भाडं. पहिल्या संध्याकाळी मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, इथंच आसपास पायी कुठं जाता येईल? तो अगदी मनापासून म्हणाला, "इथे काही नाही मॅडम. जुहूला जा, गाडी करून देतो."

हे मला फार लागलं. तो वाईट बोलला म्हणून नाही, त्याला खरंच तसं वाटत होतं म्हणून.

आईला पहाटे पाचला जाग येते आणि चहा लागतो. आठपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. साडेसहाला आम्ही खाली उतरलो आणि स्टेशनच्या दिशेनं निघालो. कोपऱ्यावर सायकलवरचा इडलीवाला उभा होता. मागच्या कॅरिअरवर कापडात गुंडाळलेला स्टीलचा डबा, हँडलला अडकवलेली चटणीची बरणी. त्यानं झाकण उघडलं तशी वाफेनं आईचा चष्मा धूसर झाला. चार इडल्या तिनं उभ्यानं खाल्ल्या. घरी ती दोनवर थांबते.

पुढे पार्ले बाजार. फुलवाल्या बाई गजरा मनगटापासून कोपरापर्यंत मोजत होत्या आणि दर वेळी शेवटी चार कळ्या जास्तच सोडत होत्या. त्यांच्याशी आईची दहा मिनिटं बोलणी. गाव कुठलं, मुलं किती, मुंबईत कशाला आलात. मध्येच विमान उठलं की दोघी थांबायच्या आणि आवाज ओसरला की तुटलेल्या शब्दापासून पुढे सुरू व्हायच्या. पार्लेकरांना ही सवय जन्माची असणार.

विमानतळामुळे या भागात इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. अशा पट्ट्याला फनेल झोन म्हणतात. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचं त्यापायी घोडं अडतं, आणि तिथे राहणाऱ्यांच्या दृष्टीनं हा गंभीर प्रश्न आहे. पण चालणाऱ्याला त्यामुळे आभाळ दिसतं, हेही खरं. तीन-चार मजली इमारती, गच्चीवर वाळणाऱ्या साड्या, मध्येच एखाद्या प्लॉटभोवती ठोकलेले निळे पत्रे.

दुसऱ्या दिवशी मुलाखत दुपारच्या आत आटोपली. संध्याकाळी आम्ही टिळक मंदिरात, म्हणजे लोकमान्य सेवा संघाच्या वास्तूत गेलो. संघ १९२३ सालचा, पार्ले टिळक विद्यालय त्याच्याही आधीचं, १९२१ चं. टिळक गेले १९२० मध्ये. म्हणजे तीन वर्षांच्या आत या लोकांनी शाळाही काढली आणि संस्थाही उभी केली, तेव्हा पार्ले मुंबई महापालिकेत नव्हतंसुद्धा. सूचना फलकावरचा प्रत्येक कागद आईनं वाचला. आणि आम्हा वर्धेकरांसाठी एक खास गोष्ट. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याला छावणी होती, तिचे पुढारी आमचे जमनालाल बजाज. बजाजवाडीच्या गावच्या माणसांनी पार्ल्यात तीन रात्री राहायचं आणि हे न आठवता परत जायचं, हे मला चाललं नसतं.

पार्ले बिस्किटांचा कारखाना रुळांच्या कडेचाच. कंपनी १९२९ ची, नाव या गावावरून घेतलेलं. आई लग्नानंतर एकदा लोकलनं इथून गेली होती. गाडी थांबली आणि डबाभर भाजक्या बिस्किटांचा वास आला, हे ती आम्हाला लहानपणापासून सांगते. तिथलं उत्पादन २०१६ मध्ये थांबलं हे मी तिला सांगितलं होतं. तरी प्लॅटफॉर्मवर उभं राहून तिनं एकदा खोल श्वास घेतलाच.

माझं म्हणणं एवढंच आहे की उपनगरातल्या हॉटेलांनी विमान पकडेपर्यंतचं थांबायचं ठिकाण एवढ्यावरच समाधान मानू नये. पाहुण्याच्या हाती त्या वस्तीचा एक कागद द्यावा. पहाटे चहा कुठं मिळतो, वाचनालय कुठं, बाजार कुठल्या वेळी भरतो, म्हाताऱ्या माणसाला बसायला कट्टा कुठं आहे. याला पैसा लागत नाही. आणि दारापुढचा फूटपाथ धड असावा यासाठी हॉटेलांनीही पालिकेच्या मागे लागावं. उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि आडव्या लावलेल्या दुचाक्या यांमुळे आईला तीनदा भर रस्त्यात उतरावं लागलं, मागून रिक्षा. अशानं माणूस चालायचं सोडून गाडीच मागवणार.

निघायच्या दिवशी मी असा एक कागद हातानं लिहिला आणि काउंटरवरच्या त्या मुलाला दिला. तेव्हा कळलं, तो राहतो नालासोपाऱ्याला. स्टेशनवर उतरायचं, शेअर रिक्षानं हॉटेल गाठायचं, रात्री तसंच परत. दीड वर्षात बाजाराच्या गल्लीत त्याचं पाऊल पडलं नव्हतं, बारा तासांच्या ड्युटीत ते कधी पडणार? त्यानं कागद नीट वाचला, मोबाइलवर फोटो काढला.

"आज्जींनी खाल्ली तो इडलीवाला किती वाजेपर्यंत असतो?"

"नऊ-साडेनऊपर्यंत," आई म्हणाली. "पण तू सातला जा. तेव्हा गरम असतात."