काहून जोडल्या जात नाही हा डेटाबेस?

पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये १७० किलोची गाठ बांधून होते, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) वजन बिनचूक देते, स्काडाच्या (मशीनवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) स्क्रीनवर आकडा झळकतो. डेटाबेसात मात्र नोंद नाही! काहून राजेहो? तर स्काडा ३२-बिट अन् डीएसएन (डेटाबेस कुठं आहे हे सांगणारी सेटिंग) बनवलेलं ६४-बिटमध्ये, मंग दोघांचं जुळन कसं? त्यात विंडोजची अक्कल पाहा: ६४-बिटवालं ओडीबीसी (डीएसएन बनवायचं टूल) सिस्टम३२ फोल्डरात, ३२-बिटवालं सिसवॉव६४मध्ये! कोण्या शहाण्यानं ठेवलं हे? ते निस्तरलं, तर एसक्यूएल एक्स्प्रेसचं, म्हणजे त्या डेटाबेसचं, टीसीपी-आयपी (नेटवर्कवरून जोडायची सोय) बंद. ते चालू केलं, तर फायरवॉल आडवी. तेवढ्यात लाइन गेली. वर पुण्याचा इंजिनिअर फोनवर विचारतो, "सर, रीस्टार्ट करून पाहिलं का?" अरे बाप्पा, लाइनवाले दिवसभर तेच तर करून राहिले!