अमेरिकेचे नवीन सिटिझन झालात? आता पार्टी निवडा!

अभिनंदन! शपथ घेऊन झाली, छोटा झेंडा हातात आला, फोटो फेसबुकवर पडला, काकूंची कमेंटही आली. आता हॉलच्या बाहेर टेबल टाकून बसलेल्या बाई तुम्हाला मतदार नोंदणीचा फॉर्म देतील आणि बऱ्याच राज्यांत त्यावर एक प्रश्न असतो, पक्ष कुठला? टेक्सासवाल्यांना हा प्रश्नच नाही, पण ते सुटले ते फॉर्मपुरतेच. तुम्ही मात्र घाबरू नका, मी आहे ना सांगायला.

आधी चांगली बातमी. देशात होतात तेव्हा पक्ष फार झाले म्हणून तुमचं डोकं उठायचं, दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, रात्री एकाचं सरकार येणार म्हणून झोपावं आणि सकाळी चहा घेताना टीव्ही लावावा तर भलत्याचीच शपथ उरकलेली (२३ नोव्हेंबर २०१९, आठवतंय ना). इथे तसली भानगडच नाही. दोनच. हत्ती (रिपब्लिकन) नाहीतर गाढव (डेमोक्रॅट). तेही जड जात असेल तर टेक्सासच्या फोर्ट बेंड काउंटीतल्या रिपब्लिकनांनी २०१८ च्या गणेश चतुर्थीला आपल्या लोकांसाठी खास जाहिरात दिली होती, गणपतीचं चित्र आणि खाली सवाल, तुम्ही पूजा कोणाची कराल, गाढवाची की हत्तीची? हिंदू संघटना भडकल्या, मग माफी वगैरे झाली. पण मी म्हणतो हेल्थ केअर, टॅक्स, गन लॉ असलं सगळं वाचत बसण्यापेक्षा ही पद्धत काय वाईट होती?

हत्तीही नको आणि गाढवही नको, असं असेल तर सगळ्यात प्रतिष्ठेचा मार्ग म्हणजे इंडिपेंडंट व्हा. गॅलपच्या पाहणीत चाळीस टक्क्यांहून जास्त अमेरिकन स्वतःला इंडिपेंडंट म्हणवतात म्हणजे तुम्ही एकटे पडणार नाही. पॉटलकला वांग्याचं भरीत वाढून घेता घेता म्हणायचं, "मी कुठल्याच पार्टीचा नाही बुवा, मी माणूस बघून मत देतो." आणि मग दर वेळी त्याच पार्टीचा माणूस बघायचा. त्या चाळीसातले बहुतेक जण हेच करतात, त्यात लाजायचं काही कारण नाही.

फक्त खूण करताना चष्मा लावा. कॅलिफोर्नियात अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी नावाचा एक पक्ष आहे, तो १९६७ मध्ये जॉर्ज वॉलेससाठी निघाला, हो तेच वॉलेस, काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवा म्हणणारे. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने शोधलं तर या पक्षाचे साडेचार लाखांवर नोंदलेले मतदार निघाले आणि त्यांच्यातल्या ज्यांना विचारलं त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांना आपण या पक्षात आहोत हेच माहीत नव्हतं, त्यांना वाटलं आपण कुठल्याच पक्षात नाही. बिनपक्षाचे म्हणून गेले आणि सगळ्यात कडव्या पक्षात जाऊन बसले.

न्यूयॉर्कमध्ये असाल तर तारखेचंही बघा. तिथे प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, त्या पक्षाचा नोंदलेला मतदारच मत देऊ शकतो. २०१६ च्या एप्रिलमधल्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपली होती, त्यामुळे इव्हान्का आणि एरिक ट्रम्पना स्वतःच्या बापाला मत देता आलं नाही. बाप पुढे राष्ट्राध्यक्ष झाला ती गोष्ट वेगळी.

आता तुमच्यातले काही जण आदर्शवादी निघतील आणि तिसरा पक्ष म्हणतील. जरूर! १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी अपक्ष उभ्या राहिलेल्या रॉस पेरोला जवळपास एकोणीस टक्के मतं पडली, म्हणजे साधारण दर पाचात एक माणूस, आणि इलेक्टोरल मतं (राज्याराज्यांची, शेवटी राष्ट्राध्यक्ष ठरवणारी) मिळाली शून्य. २००० मध्ये फ्लोरिडा बुशनी डेमोक्रॅट गोरना ५३७ मतांनी हरवून मारलं आणि तिथे ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडरना सत्त्याण्णव हजारांवर मतं होती, त्या लोकांना त्यांचे मित्र अजून सुनावत असतील. २०२५ च्या जुलैमध्ये इलॉन मस्कनी तिसरा पक्ष काढला म्हणून जाहीर केलं, माणूस अख्खं रॉकेट आकाशातून परत आणून उभं करतो, पण पक्ष काही उभा राहिला नाही. तेव्हा तुम्ही तुमच्या मिनीव्हॅनमधून काय करणार ते बघा.

बरं, मत कोणालाही द्या, त्याला किंमत आहे का हा वेगळाच विषय. एडिसनमध्ये घर घेताना तुम्ही शाळा बघितली, पटेल ब्रदर्स किती लांब ते बघितलं, प्रॉपर्टी टॅक्स बघून छातीवर हात ठेवला, पण न्यू जर्सीने १९८८ नंतर रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाला कधी कौल दिलेला नाही हे बघितलंत का? नाही ना. नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेला असतात तर उमेदवारांनी दारात रांग लावली असती, २०२४ मध्ये तर याच मस्कनी स्विंग राज्यांतल्या (कधी इकडे कधी तिकडे झुकणाऱ्या) मतदारांना रोज एकाला दहा लाख डॉलर वाटले. तुम्हाला काय आलं? पाच डॉलरच्या डोनेशनसाठी दिवसाला अकरा मेसेज. आणि चुकून एकदा दिलेत पाच डॉलर, की संपलं, नंबर बदलला तरी ते शोधून काढतात.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रायमरीला अजिबात जायचं नाही. २०१६ ला रिपब्लिकनांचे सतरा नामवंत उमेदवार होते, २०२० ला डेमोक्रॅट्सचे वीसच्या वर, एवढी गर्दी बघून माणूस गोंधळतो. शिवाय जर्सीत प्रायमरी जूनमध्ये, मुलांची शाळा संपत आलेली, भारताची तिकिटं काढलेली, कोण जाणार. आणि तिथल्या पार्टीवाल्यांनी तुमची काळजी आधीच घेतली होती, काउंटीच्या पुढाऱ्यांचे लाडके सगळे एका रांगेत छापायचे आणि बाकीच्यांना कोपऱ्यात कुठेतरी, म्हणजे तुम्हाला विचार करायचे कष्ट नकोत. २०२४ मध्ये सिनेटला उभे असलेले डेमोक्रॅट अँडी किम कोर्टात गेले आणि डेमोक्रॅट्सच्या बॅलटवरची ती रांग मोडली, चांगली चाललेली सोय. असो. तुम्ही थेट नोव्हेंबरात उगवा आणि कपाळावर हात मारून म्हणा, "तेहतीस कोटींच्या देशात यांना हेच दोघं सापडले?"

कोणी म्हणेल यावर उपाय आहे, मेन आणि अलास्कासारखं पसंतीक्रम लावून मत द्यायचं, पहिली पसंती बाद झाली की मत दुसरीला जातं, वाया जात नाही. अशा माणसापासून लांब राहा. २०२४ मध्ये कोलोरॅडो, नेवाडा, ओरेगन, आयडाहो या चारही राज्यांत लोकांना हेच विचारलं आणि दोन पक्षांना वैतागलेल्या त्याच जनतेने स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. तुमच्याकडे असला प्रश्न आला तर तो बॅलटच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, एका वाक्यात चार वेळा "परंतु" असलेला असेल, मागे रांग असेल, गाडी मीटरवर असेल. कोरा सोडा. स्टिकर घ्या, आणि गाडीत बसल्या बसल्या मंडळाच्या ग्रुपवर टाका की या देशात काहीतरी तिसरा पर्याय पाहिजे राव.