तिरंगा उतरवा म्हणाले तेव्हा

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: मुंबईत येऊन मराठी न बोलणाऱ्याच्या कानाखाली वाजवावी की नाही. मामा म्हणतात, त्याशिवाय कळत नाही. मामांवर माझा जीव आहे, म्हणूनच जरा सविस्तर लिहितो. मी बारा वर्षं स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत राहतो. इथला परप्रांतीय मीच.

शहराच्या पूर्व भागात सेल्टिक या फुटबॉल क्लबचं मैदान आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं आणि उपाशी माणसं बोटी भरभरून इथे आली. कॅथलिक, गरीब, मिळेल ते काम कमी मजुरीत करणारी. प्रोटेस्टंट स्कॉटलंडमध्ये रोष ओढवायला एवढं पुरे होतं. १९२३ साली तर स्कॉटलंडच्या चर्चपुढे आलेल्या एका अहवालात या लोकांना स्कॉटिश राष्ट्रीयत्वावरचं संकट ठरवलं गेलं. तो वाचला तेव्हा मला आपल्याकडची भाषणं आठवली, अगदी शब्दाला शब्द.

क्लब त्याआधीचा, ६ नोव्हेंबर १८८७ चा. ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश धर्मबंधूने तो काढला तो पूर्व भागातल्या उपाशी मुलांना जेवू घालण्यासाठी. सामन्याच्या तिकिटांतून ताटं भरायची, असा साधा हिशेब. आजही ठरावीक सामन्यांना चाहते फूडबँकेसाठी शिधा गोळा करतात. गेल्या वेळी माझ्या पुढे एक आजोबा होते, गळ्यात हिरवा-पांढरा मफलर, हातातल्या पिशवीत बीन्सचे डबे आणि पास्ता. पिशवी दिली आणि एक शब्द न बोलता आत गेले.

क्लबने आयरिशपण कधी लपवलं नाही, पण खेळाडू घेताना दारात धर्मही विचारला नाही. १९६७ साली लिस्बनमध्ये इंटर मिलानला २-१ हरवून युरोपियन कप जिंकणारा ब्रिटनमधला पहिला संघ हाच. अकराच्या अकरा खेळाडू मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले आणि प्रशिक्षक जॉक स्टीन प्रोटेस्टंट. त्याच्याही आधी, १९३६ मध्ये, कलकत्त्याचा मोहम्मद सलीम या क्लबकडून अनवाणी खेळून गेला होता. त्याच्या पायांना पट्ट्या बांधतानाचा फोटो मी मुलीला दाखवला, तेव्हा ती किती तरी वेळ बघत राहिली.

पण मामा, तुम्हाला खरं सांगायचंय ते १९५२ चं. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघटनेने सेल्टिकला बजावलं, मैदानावरचा आयरिश तिरंगा उतरवा. क्लब हटला नाही, हकालपट्टीची भाषा झाली तरी हटला नाही. आणि त्या वेळी सेल्टिकच्या बाजूने कोण उभं राहिलं? रेंजर्स! ग्लासगोचाच दुसरा क्लब, प्रोटेस्टंटांचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा कट्टर वैरी. दोघांच्या सामन्याचा गल्ला मोठा होता हे खरं, पण उभे राहिले हेही खरं.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. दोघांच्या सामन्याला अजूनही द्वेषाची गाणी ऐकू येतात, त्या दिवशी मी मुलीला घेऊन बाहेर पडत नाही.

मराठी शिकायलाच हवी, याबद्दल आपल्या दोघांत वाद नाही. मीही इथली बोली शिकलो, पहिल्या वर्षी शेजारच्या बाई तेच वाक्य तीन-तीनदा हळू बोलून दाखवायच्या म्हणून शिकलो. त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली असती, तर मी त्यांच्याशी पुन्हा कधीच बोललो नसतो.