फळांनी कॅन्सर टळतो का? फोंडेकरांना उत्तर

नमस्कार फोंडेकर,

फळं खाल्ल्याने कॅन्सरचा धोका कमी होतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झोंबरी आहे, पण बिनबुडाची नाही. तुमचं म्हणणं असं: शेजारच्या वहिनी निर्व्यसनी, रोज पपई खायच्या, तरी आतड्याच्या कॅन्सरने गेल्या. फळांपेक्षा व्हिटॅमिनची गोळी स्वस्त पडते. आणि असले लेख वाचून लोक उपचार सोडून लक्ष्मणफळाच्या (सीताफळाच्या कुळातलं काटेरी फळ) मागे लागतात.

वहिनींचं वाचून वाईट वाटलं. पण लेखात मी ‘धोका कमी होतो’ असं लिहिलंय, ‘कॅन्सर होत नाही’ असं नाही. किती कमी, तेही सांगतो. युरोपातल्या 10 देशांतल्या सुमारे पावणेपाच लाख लोकांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. रोज 200 ग्रॅम जास्त फळं-भाज्या खाणाऱ्यांत सगळे कॅन्सर मिळून धोका जेमतेम 3 टक्क्यांनी कमी. आतड्यापुरतं चित्र जरा बरं आहे, कारण तिथे फळांतला चोथा (फायबर) कामाला येतो: आतड्यातले जिवाणू तो आंबवून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसतात. पण हे कवच नव्हे.

गोळीचं मात्र अजिबात पटलं नाही. फळं-भाज्या खाणाऱ्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन (शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं ते) जास्त आणि फुप्फुसाचा कॅन्सर कमी, हे पाहून फिनलंडमध्ये 29 हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. 1994 साली निकाल आला: बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत हा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त! अमेरिकेतली तशीच चाचणी 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. फळातला एक घटक उपसून भरपूर दिला म्हणजे फळ दिलं, असं होत नाही.

आणि महाग कोण म्हणतं? मेण लावलेली परदेशी सफरचंदं आणि किवी महाग. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेरू घ्या. क जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपट, चोथा सफरचंदाच्या दुप्पट. रस काढू नका, चोथा तिथेच जातो. काजूची बोंडंही खा. (त्यांची उर्राक, फेणी फळांत धरायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने दारूला 1988 पासून पहिल्या गटात, म्हणजे माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत, धरलंय. हे लिहिल्यावर आणखी प्रतिक्रिया येतील, येऊ देत.)

लक्ष्मणफळाबद्दल मात्र तुमच्या बाजूने, शंभर टक्के. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत त्याच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मरतात, पण माणसाचा कॅन्सर त्याने बरा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. उलट त्यातलं अ‍ॅनोनासिन नावाचं द्रव्य मेंदूतल्या चेतापेशींना घातक आहे. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर या फळाचा आणि पानांच्या काढ्याचा संबंध पार्किन्सनसारख्या आजाराशी जोडला गेलाय. केमो सोडून काढा पिणारं कोणी ओळखीत असेल तर हा परिच्छेद वाचून दाखवा.

वहिनींच्या मुलांना पेरूच्या आधी एक निरोप द्या. आईला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल तर मुलांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) चाळिसाव्या वर्षी, किंवा आईच्या निदानाच्या वयाच्या 10 वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा सुरू करायची असते. त्यांनी डॉक्टरांना विचारलंय का?