पवनचक्की, व्याज आणि सरकारचा शब्द

सौर-पवन विजेला आणि वीजबचतीला सरकारनं स्थिर धोरणाचा आधार द्यावा, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सौर-पवन वीज स्वस्त झाली असेल तर तिला सरकारी आधार कशाला, स्थिर धोरण म्हणजे चुकलेलं धोरणही ओढत न्यायचं का, आणि वीजबचत लोक बिलाच्या धाकानं आपणहून करतातच, असे तुमचे तीन आक्षेप आहेत. मधला सर्वांत वजनदार आहे, म्हणून आधी तो घेतो.

स्पेनचा अनुभव तुमच्या बाजूनं बोलतो. २००७ साली तिथं सौर विजेच्या खरेदीसाठी सरकारनं फारच सढळ दर जाहीर केला. लक्ष्य होतं सुमारे ४०० मेगावॅटचं. एकट्या २००८मध्ये अडीच हजार मेगावॅटहून जास्त प्रकल्प उभे राहिले. बोजा पेलवेना, तेव्हा नव्या प्रकल्पांवर मर्यादा आली. इथवर ठीक होतं. पण २०१० ते २०१३ या काळात आधीच चालू असलेल्या प्रकल्पांच्या मिळकतीलाही कात्री लागली आणि गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले. दर चुकला होताच, पण दिलेला शब्द मोडणं माझ्या मते त्याहून महागात पडलं. जर्मनीच्या २०००च्या कायद्यात प्रकल्पाला २० वर्षं ठरलेला दर होता आणि उशिरा येणाऱ्याला कमी. सौर विजेसाठी ही घट सुरुवातीला वर्षाला ५ टक्के होती. पुढे त्या कायद्यातही बरेच फेरफार झाले, तरी जुन्या प्रकल्पांना कबूल केलेला दर मिळत राहिला. दर उतरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. किती आणि कधी, तेही. मी स्थिर म्हणतो ते याला.

आता आधार कशाला? कोळशाच्या केंद्रात खर्चाचा मोठा वाटा इंधनाचा, वर्षानुवर्षं विखुरलेला. पवनचक्कीला इंधन लागत नाही; जवळजवळ सगळा पैसा सुरुवातीलाच ओतावा लागतो आणि त्यातला बराचसा कर्जाऊ असतो. २० वर्षांच्या कर्जावर ५ टक्के व्याज असेल तर शंभरामागे वर्षाला साधारण ८ फेडावे लागतात. १० टक्के झालं की पावणेबारा. पाती तीच, वारा तोच, हप्ता जवळपास दीडपट! आणि वीजखरेदीचा करार उद्या टिकेल याची खात्री नसली की बँक व्याज चढवणारच. सरकारनं शब्द पाळला तर तिजोरीतून वेगळा पैसा न काढताही ही वीज स्वस्त होते.

अमेरिकेनं हे उलट बाजूनं अनुभवलंय. पवनऊर्जेची करसवलत १९९२च्या कायद्यानं आली, पण तुकड्यातुकड्यानं मुदत वाढवत. १९९९च्या मध्यात आणि पुढे २००१ व २००३च्या अखेरीस ती संपू दिली. दर वेळी पुढच्या वर्षी उभारणी कोसळली. २०१२ अखेर ती पुन्हा संपणार म्हणून त्या वर्षी घाईघाईनं सुमारे १३ हजार मेगावॅट उभे राहिले, २०१३मध्ये जेमतेम एक हजार. जानेवारीतच मुदत वाढली होती, पण तोवर नव्या ऑर्डर थांबलेल्या होत्या. पाती बनवणाऱ्या कारखान्यानं अशा हेलकाव्यात कामगार कसे टिकवायचे, हे मला खरंच कळत नाही.

वीजबचतीबद्दल तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. भाड्याच्या घरात उपकरणं मालक निवडतो, बिल भाडेकरू भरतो. छताला उष्णतारोधक थर द्यायचा की नाही, हे बिल्डर ठरवून मोकळा होतो. बिलाचा धाक निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचतच नाही! अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या मध्यात नवा फ्रिज वर्षाला सुमारे १,८०० युनिट वीज खायचा. आधी कॅलिफोर्नियात आणि मग १९८७च्या कायद्यानं देशभर वीजवापराची मानकं आली, १९९०, १९९३ आणि २००१ मध्ये टप्प्याटप्प्यानं कडक झाली आणि तो आकडा ५००च्या आसपास उतरला. पुढचा टप्पा कधी लागू होणार हे कंपन्यांना बरंच आधी माहीत असायचं, म्हणून त्यांना नवी रचना करायला वेळ मिळाला.

पॅनेल स्वस्त झाल्यावर जादा दर देत राहू नये, हे मला मान्य आहे. बंद करा, पण तारीख आज जाहीर करा, काही वर्षांनंतरची, आणि ज्यांनी जुन्या शब्दावर कर्ज काढलंय त्यांच्या कराराला हात लावू नका.